लोकरीचा पक्षी गॅलरीत गेल्यावर खेळणं का वाटतो?

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीकडच्या एक ताई सुईने लोकर टोचून पक्षी करतात. 22 पक्षी तयार आहेत, फेब्रुवारीत एका छोट्या गॅलरीत आठवडाभराचं प्रदर्शन ठरलंय. त्या लिहितात, "घरी टेबलावर एकेक पक्षी बघताना जीव असल्यासारखा वाटतो. गॅलरीत नुसते रचून पाहिले तर खेळण्यांचं दुकान मांडल्यासारखं दिसलं. चूक पक्ष्यांत आहे की मांडणीत? आणि कसर लागू नये म्हणून काय करायचं?" सोबत फोटो आहेत.

ताई, चूक दोन्हीकडे आहे. पण आधी पक्ष्यांकडे बघू, कारण मांडणी एका दुपारी बदलता येते, पक्ष्यांना वेळ लागतो.

फोटो पाहिल्यावर मला पहिल्यांदा खटकलं ते हे, की 22 च्या 22 पक्षी समोर बघतायत. लग्नाच्या हॉलमध्ये ग्रुप फोटोला उभे केल्यासारखे. खेळणं माणसाकडे बघतं, ते त्याचं कामच आहे. पक्ष्याला माणसाकडे बघायला सवड नसते. साळुंकी गवतातला किडा हेरत असते, खंड्या पाण्यात बघत असतो, टिटवीला आपली चाहूल लागलेली असते पण ती मान दुसरीकडेच वळवून उभी असते. मी 17 वर्षं लोकरीत काम करते आहे आणि अजूनही नवा पक्षी घेताना आधी ठरवते की हा कुठे बघतोय. ते ठरलं नाही तर सुईला हात लावत नाही.

मग डोळा. तुमच्या चिमणीचे डोळे टेडी बेअरचे आहेत हे फोटोतूनही कळतं. पक्ष्याचा डोळा तसा मोठाच असतो, पण त्याचा बराचसा भाग कवटीच्या आत दडलेला असतो. बाहेर दिसतं ते मधलं लहानसं वर्तुळ. लहान पक्ष्याला 3 ते 4 मिलिमीटरचा काळा काचेचा मणी पुरतो. तो वरून चिकटवू नका. सुईने आधी खळगा करा, मणी आत बसवा, आणि मग अगदी विरळ लोकरीची वळी करून वरच्या पापणीची कड मण्यावर जेमतेम अर्धा मिलिमीटर आणा. त्या कडेची जी सावली मण्यावर पडते, तिच्यामुळे पक्षी 'बघायला' लागतो. आणि मण्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन चमक काढायचा मोह आवरा. चमक गॅलरीतला दिवा देतो, आणि बघणारा सरकला की तीही सरकते. रंगवलेला ठिपका जागचा हलत नाही, तिथेच बाहुली होते.

तिसरी गोष्ट वजन. खरी चिमणी 25 ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे काहीच नाही. तरी ती तारेवर बसली की तिचा भार जाणवतो. तुमचे पक्षी चौथऱ्यावर ठेवल्यासारखे दिसतात, बसल्यासारखे दिसत नाहीत. यावर माझा उपाय गवंड्याकडून घेतलाय: ओळंबा. दोऱ्याला नट बांधा आणि पक्ष्याच्या धडाचा जो सगळ्यात भरीव भाग, त्याच्या मध्यावरून तो सोडा. दोरा पंजांच्या मधोमध यायला हवा. तुमचा दयाळ पाहा, त्याचे पाय धडाच्या पार मागच्या टोकाला आहेत. खरा असता तर तोंडावर आपटला असता. आपण मागे वाकलेला सांधा गुडघा समजतो, तिथे घोळ होतो. तो घोटा असतो. गुडघा वर पोटाच्या पिसांत लपलेला असतो आणि मांडी मागच्या खुब्यातून पुढे त्याच्यापर्यंत येते. हे एकदा तारेत नीट वाकवलं की पंजे आपोआप पोटाखाली येतात. बोटंही मोजा. दयाळ, चिमणी, साळुंकी यांची तीन पुढे एक मागे; पण तांबट, पोपट, सुतार, भारद्वाज यांची दोन पुढे, दोन मागे. तुमच्या तांबटाला तीन पुढे आहेत. गॅलरीत येणाऱ्या माणसांत एक तरी पक्षिनिरीक्षक असतो, आणि तो सगळ्यांत आधी पायच बघतो.

तारेवरून आठवलं. आत सळई बांधायची बाइंडिंग वायर वापरली असेल तर आत्ताच सांगा. माझ्या पहिल्या प्रदर्शनात मी तीच वापरली होती, स्वस्त आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी. जुलै महिना होता. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या जवळपास ओलावा पोटात घेते आणि हाताला कोरडीच लागते. पाचव्या दिवशी माझ्या गायबगळ्याच्या पांढऱ्या मांड्यांवर गंजाच्या तांबड्या रेघा उमटल्या. एका बाईंनी "रंग किती खरा दिलाय" म्हणून कौतुक केलं. मी गप्प बसले. तेव्हापासून अॅल्युमिनियम किंवा तांब्याचीच तार, साळुंकीच्या मापाला 2 मिलिमीटरची, आणि तिच्यावर आधी सुती पट्टी, मग लोकर. नुसत्या गुळगुळीत तारेवर लोकर फिरत राहते.

आता पृष्ठभाग. तुम्ही पंखातलं एकेक पीस वेगळं करून चिकटवलंय, मेहनत दिसते. पण लोकर म्हणजे पीस नव्हे. पिसाला कड असते, तुकतुकी असते. लोकर प्रकाश गिळते. म्हणून लोकरीला सोसतील असे पक्षी निवडायचे. घुबडं सोसतात. गव्हाणी घुबडाच्या पिसांवर मखमलीसारखी लव असते, कडांना झालर असते, उडताना आवाज न होण्याचं तेही एक कारण. म्हणजे त्या पक्ष्याचा पोतच लोकरीच्या जवळचा. होला, टिटवीची पिल्लं, पावसात पिसं फुलवून बसलेला कोणताही पक्षी छान होतो. जांभळा शिंजीर मी तीनदा केला आणि तीनदा तो वांग्यासारखा दिसला. त्याचा रंग धातूसारखा झळकतो, तो लोकरीत येत नाही. तुमच्या यादीतले दोन्ही शिंजीर काढा.

निळ्याचं थोडं वेगळं आहे. खंड्याच्या किंवा नीलपंखाच्या पिसात निळा रंगद्रव्य म्हणून नसतोच. पिसाच्या आतल्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश विखुरतो आणि आपल्याला निळं दिसतं, म्हणूनच तो निळा दर कोनातून जिवंत वाटतो. आपला निळा मात्र रंगाच्या पातेल्यातला. एकाच निळ्या लोकरीने खंड्याची पाठ भरली की ती प्लास्टिकची वाटते, तुमच्याकडे नेमकं तेच झालंय. तीन निळे घ्या, थोडा हिरवट, चिमूटभर राखाडी, आणि कुत्र्याचे केस विंचरायच्या तारेच्या ब्रशांच्या जोडीने विंचरा. पण पूर्ण एकजीव होऊ देऊ नका. धागे वेगवेगळे दिसले पाहिजेत. दोन पावलं लांबून डोळाच ते मिसळतो.

लोकर कुठली, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण फोटोतल्या पाकिटांवरून सगळी आयात मेरिनो, म्हणजे परदेशी मेंढीची मऊ लोकर दिसते. मेरिनो ओल्या पद्धतीने नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेलं घट्ट कापड, करायला उत्तम. सुईने टोचायला ती फार बारीक, घट्ट व्हायला वेळ लागतो आणि सुयांची भोकं दिसत राहतात. तुम्ही सांगलीकडच्या. जत, आटपाडी, माणदेश तुमच्या दाराशी आहे. दख्खनी मेंढीची लोकर जाड, रखरखीत, काळ्या-करड्या रंगांची. घोंगडीचा खप घटल्यापासून धनगरांना तिचे कातरणीचे पैसेही निघत नाहीत, पुष्कळदा टाकून द्यावी लागते. पक्ष्याच्या आतल्या भरणाला हिच्यासारखी लोकर नाही. 36 नंबरच्या जाड सुईने ती मेरिनोपेक्षा लवकर दगडासारखी बसते. मग 38, आणि वरच्या थराला 40; नंबर वाढला की सुई बारीक. तिचे राठ केस वरच्या थरातून डोकावतात ही तक्रार खरी आहे; पण घार, भारद्वाज, पिंगळा यांना ते केस शोभतात. आणि कोकराची पहिली कातरण, जावळ, मिळाली तर सोडू नका. घोंगडी विणणारे सणगर जावळाची घोंगडी का वेगळी मोजतात ते हात लावल्यावर कळेल. कच्ची लोकर रिठ्याच्या कोमट पाण्यात नुसती बुडवून ठेवा, चोळू नका. चोळलीत तर तिथेच नमदा तयार.

खरी पिसं मात्र कुठेही लावू नका, शेपटीलासुद्धा नाही. गळालेली मोरपिसं सोडली तर आपल्या रानपक्ष्यांची पिसं बाळगणं 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याखाली अडचणीचं ठरू शकतं. शिवाय लोकरीत एक खरं पीस खोवलं की बाकीचा सगळा पक्षी खोटा दिसतो. माझ्या दृष्टीने हे कारण कायद्याहून मोठं आहे.

तर शिंजीर गेले, आणखी सात-आठ काढा. 22 पक्षी छोट्या गॅलरीला फार होतात. बारा-तेरा ठेवा. त्यांत रान पिंगळा ठेवाच, पण दुरुस्त करून. तुम्ही त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरलेत, ते आपल्या नेहमीच्या पिंगळ्याचे. रान पिंगळ्याचा माथा जवळजवळ साधा, डोकं मोठं, आणि पाय जाडजूड, पांढऱ्या पिसांनी भरलेले. ते पाय जावळात करून पाहा.

या पक्ष्याची गोष्ट तुमच्या प्रदर्शनात असायलाच हवी. 1884 नंतर त्याचा खात्रीचा नमुना, म्हणजे संग्रहालयासाठी भरण घालून जपलेला पक्षी, कुणाला मिळाला नव्हता. 1997 च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट या पक्षी-अभ्यासकांना तो आपल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा दिसला. मधल्या काळातला एक नमुना होता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1914 साली गुजरातेत मांडवीला मिळवल्याचं चिठ्ठीवर लिहिलं होतं. तपासात निघालं की तो संग्रहालयातून चोरलेला जुना नमुना, 1880 च्या दशकात जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशातून गोळा केलेल्यांपैकी. माइनर्ट्झहागेनने त्याच्यातलं जुनं भरण काढून नवं भरलं होतं. पण पक्षी तयार करण्याची डेव्हिडसन यांची हातोटी आत शिल्लक राहिली होती, तिनेच चोरी उघडी पाडली. आपण भरणाची माणसं, आपल्याला हे जास्त कळतं. भरण कुणी बघत नाही म्हणून तिथे जुने कपडे आणि उशीचा कापूस कोंबणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींना मी ही गोष्ट सांगते.

आता गॅलरी. टेबलं बाजूला करा. एका उंचीवर ओळीने ठेवलेली कुठलीही वस्तू दुकानातली वाटते, तिथे पक्ष्यांचा दोष नाही. प्रत्येक पक्षी तो जिथे दिसतो त्या उंचीवर जाऊ द्या. टिटवी जमिनीवरचा पक्षी; तिला वीतभर उंचीच्या पाटावर ठेवा, लोकांना वाकू दे. वाकलेला माणूस हळू होतो. पिंगळा डोक्याच्या वर, कोपऱ्यात, भिंतीतून निघालेल्या वाळक्या फांदीवर, जिथे माणूस गेल्यावर दोन मिनिटांनी त्याला कळावं की वरून कोणीतरी आहे. चिमण्या मात्र घोळक्याने, पाच-सहा, खिडकीच्या कट्ट्यावर, त्यातली एक उलट तोंड करून. आणि दोन पक्ष्यांमध्ये मोकळी भिंत सोडा, वाटते त्याच्या दुप्पट. गॅलरीचा मालक म्हणेल, इथे अजून चार मावतील. मावू दे.

उडता पक्षी टांगायचा असेल तर तंगूस (नायलॉनचा पारदर्शक दोरा) घ्या, पण एका दोऱ्यावर नाही. एका दोऱ्यावरचा पक्षी फिरतो, आणि दर वेळी भिंतीकडे तोंड करूनच थांबतो. पंखांना एकेक आणि शेपटीच्या मुळाशी एक, असे तीन दोरे. एसीचा झोत कुठे येतो ते आधी बघून घ्या. पंखा बंद. सगळं आदल्या रात्री नाही, दोन दिवस आधी टांगा. तार आणि लोकर थोडी खाली बसतात, घारीचे पंख दुसऱ्या दिवशी कोंबडीसारखे झुकलेले दिसतात.

प्रकाश समोरून नको. समोरून टाकलेल्या दिव्यात लोकर सपाट होते. बाजूने, थोडा वरून. एखाद्या पक्ष्याला मागून दिवा द्या, घुबडाला विशेष; कडेची लव उजळते, तेवढं एकच दृश्य लोकरीला दगड किंवा धातूपेक्षा जास्त जमतं. रंगवलेल्या कापडासाठी संग्रहालयं प्रकाश अगदी मंद, 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपास ठेवतात. आठवड्याभराच्या प्रदर्शनात तुम्हाला इतकं जपायची गरज नाही, पण खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पडदा लावा, आणि हॅलोजन असतील तर एलईडी मागा.

लोक हात लावणार. 'हात लावू नये' ही पाटी लोकरीच्या बाबतीत कुणी पाळलेली मी पाहिलेली नाही, मोठी माणसं जास्त वाईट. पाटी काढा, आणि दाराशीच एका टोपलीत हात लावायचा ऐवज ठेवा: मूठभर कच्ची दख्खनी लोकर, विंचरलेलं जावळ, अर्धवट टोचलेली चिमणी, तार दिसणारी. हातांची हौस तिथे भागली की आत माणसं हात मागे बांधून फिरतात. माझ्या एका प्रदर्शनात दृष्टिहीन मुलांची सहल आली होती. त्यांच्यासाठी मी टोपलीतला पक्षी कमी समजून आतला होला काढून दिला. त्यातल्या एकीने पोटावरून बोट फिरवून विचारलं, "ही श्वास सोडून बसलीय का?" मी तो होला श्वास घेतलेला म्हणून केला होता. तिचंच बरोबर होतं, छाती मी खाली ओढली होती.

पाटीवर पक्ष्याचं मराठी नाव, तुम्ही तो कुठे आणि कोणत्या महिन्यात पाहिलात, लोकर कुठल्या गावची. बस. 'हस्तनिर्मित' लिहू नका, ते दिसतंय. किंमत तासांवर काढा, भावनेवर नाही, आणि गॅलरी विक्रीतला हिस्सा घेणार की नुसतं भाडं, हे कागदावर घ्या. दोन पक्षी विकायचे नाहीत असं आधीच ठरवा, नाहीतर सगळ्यात चांगला पहिल्याच दिवशी जातो आणि उरलेला आठवडा त्याच्या रिकाम्या फांदीकडे बघत काढावा लागतो.

राहिली कसर. खाणारी ती अळी. पतंग स्वतः काही खात नाही. सोनेरी, अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपासचा, उजेडापासून पळणारा पतंग कपाटात दिसला तर अंडी घातली गेलीत असंच धरा. अळी केराटिन पचवते, म्हणजे लोकर, केस, पिसं सगळंच तिचं अन्न, आणि घामाचा किंवा तेलाचा डाग असेल तर तिथून सुरुवात करते. कडुनिंबाचा पाला, लवंगा यांच्या वासाने अळी मरत नाही. डांबरगोळ्यांची वाफ माणसाला चांगली नाही, थर्माकोलला मऊ पाडते, आणि गॅलरीत आजीच्या ट्रंकेचा वास येतो. खात्रीचा उपाय थंडी. पक्षी दोन पॉलिथिन पिशव्यांत हवा काढून बंद करा, उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, दिवसभर तशीच राहू दे, नाहीतर हवेतला दमटपणा थंड लोकरीवर पाणी होऊन बसतो.

थंडी लोकर किती राखते, त्याला एक नामी साक्ष आहे. सायबेरियात अल्ताय पर्वतातल्या पाझिरिक इथल्या पाचव्या थडग्यात 1949 साली नमद्याचे हंस सापडले, आत भरण घातलेले, साधारण फूटभर उंचीचे. थडग्यात पाणी शिरून त्याचा बर्फ झाला आणि दोन हजारांहून जास्त वर्षं कसर आत शिरू शकली नाही. आज ते सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. फोटो शोधून पाहा. एकही हंस खेळणं वाटत नाही.

प्रदर्शन संपल्यावर न विकले गेलेले पक्षी थेट जुन्या कपाटात ठेवू नका. गॅलरीत गालिचे असतात, लोकांचे स्वेटर असतात; काय चिकटून आलंय कळत नाही. परत आलेला प्रत्येक पक्षी आधी फ्रीझरमध्ये, मग कपाटात. घरच्यांना मात्र आधी सांगून ठेवा. आमच्याकडे सासूबाईंनी एकदा मटार काढायला फ्रीझर उघडला आणि पिशवीतून गव्हाणी घुबड बाहेर बघत होतं.